घरोघरच्या सुया आणि हातमोजे: गोव्याच्या आरोग्य संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य संचालक,
आरोग्य सेवा संचालनालय,
कांपाल, पणजी – गोवा.

विषय: घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी संसर्ग नियंत्रणाची किमान व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

डिचोली, साखळी आणि आसपासच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणे हा माझा व्यवसाय. त्याआधी बरीच वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात काढली. दोन्हीकडे रुग्ण सारखेच, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी तीच आणि इन्सुलिनची सुईही तीच. पण वॉर्डात हात धुवायला बेसिन चार पावलांवर असते. कोपऱ्यात कचऱ्याची पिवळी आणि लाल पिशवी असते, सुयांसाठी पांढरा डबा असतो. हातमोज्यांचा खोका संपला की इंडेंट लिहायचा, दुसरा येतो. सुई टोचली तर कुठे धावायचे हे वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक असते. घरी यातले काहीच नसते. जे काही असते ते आमच्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि पिशवीतले बहुतेक सामान आमच्याच पगारातून आलेले.

घरच्या रुग्णसेवेतले संसर्ग नियंत्रण आज परिचारिकेच्या पाकिटावर आणि घरच्यांच्या मर्जीवर चालले आहे. ते त्या घराजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडून द्यावे, एवढे एकच मागणे घेऊन हे पत्र लिहीत आहे. ते का, हे सविस्तर सांगू द्या.

2011 च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 11.2 टक्के होते. केरळ सोडला तर देशात सर्वाधिक. आता कुठल्याही वाड्यावरून फेरी मारा, मुले आखातात, इंग्लंडमध्ये नाहीतर पुण्या-मुंबईला आणि घरात दोन म्हातारी माणसे, हे चित्र दर दोन-चार घरांमागे दिसते. पक्षाघात झालेले, खुब्याचे हाड मोडलेले, मधुमेहाने पायाला जखम झालेले, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात पोचलेले, गळ्याला श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी असलेले. गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून) किंवा जिल्हा रुग्णालयातून सुटी मिळाली की त्यांची लांबची शुश्रूषा घरीच सुरू होते आणि महिनोन् महिने चालते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी 2020 मध्ये संसर्ग प्रतिबंध आणि नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती चांगली आहेत, पण आरोग्य संस्था डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. संसर्ग नियंत्रण समिती, उपकरणे निर्जंतुक करणारा विभाग, देखरेख करणारी नर्स हे सगळे तिथे गृहीत धरलेले आहे. आमच्या कामाच्या जागी यातले कुणीही नसते.

सुरुवात हात धुण्यापासूनच करते. साबण-पाण्याने हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, अल्कोहोलच्या हँडरबने 20 ते 30. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच प्रसंग आम्हाला पाठ आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, स्वच्छ किंवा निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पाठ असून उपयोग काय? गावातल्या जुन्या घरात पाण्याची जागा मागच्या दारी असते आणि रुग्णाची खोली पुढे पडवीला लागून. स्वयंपाकघरातला नळ जवळ असतो, पण तिथे सगळ्याच घरांत आम्हाला मोकळीक असते असे नाही. साबणाची वडी साबणदाणीतल्या पाण्यात भिजत पडलेली. दारामागच्या खिळ्याला टॉवेल, आणि तो घरातल्या सगळ्यांचा. साबणाने धुतलेले हात त्या ओल्या टॉवेलला पुसले की धुणे वाया गेले. म्हणून मी स्वतःचा पातळ साबण आणि जुन्या सुती साडीचे धुऊन वाळवलेले तुकडे घेऊन जाते, एका वेळेला एक तुकडा. पावसाळ्यात ते वाळत नाहीत, मग इस्त्री फिरवावी लागते. हँडरब असला तरी साबण सुटत नाही. हात घाण झालेले दिसत असतील तर साबणच लागतो, आणि काही जुलाबांचे जंतू असे असतात की अल्कोहोलने मरत नाहीत.

सामुदायिक आरोग्याच्या शिक्षणात आम्हाला पिशवीची एक पद्धत शिकवली जायची. घरात गेल्यावर पिशवी जमिनीवर किंवा पलंगावर ठेवायची नाही, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवायची. आधी फक्त साबण आणि हात पुसायचे कापड बाहेर काढायचे, हात धुवायचे, मगच बाकीच्या वस्तूंना हात लावायचा. वापरलेली वस्तू स्वच्छ केल्याशिवाय पिशवीत परत जाता कामा नये. पद्धत साधी आहे, तिला खर्चही नाही आणि ती आजही तितकीच खरी आहे, कारण आम्ही एका दिवसात एकाहून जास्त घरांत जातो. एका घरातल्या बेडसोरचे, म्हणजे पडून-पडून झालेल्या जखमेचे, जंतू दुसऱ्या घरातल्या कॅथेटरपर्यंत न्यायला आमच्या पिशवीइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. पण आज 'होम नर्स' म्हणून जाणाऱ्या कित्येक मुलींनी परिचर्येचे शिक्षण घेतलेलेच नसते. कुणी दोडामार्गहून आलेली, कुणी कर्नाटकातून, कुणी थेट ईशान्येकडून. मायेने करतात, रात्र-रात्र जागतात. ही पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नसते, आणि हा दोष त्यांचा नव्हे.

आता हातमोज्यांकडे येते. एका एजन्सीकडे मी काही काळ होते. तिथे ग्लोव्हज मागितले की उत्तर ठरलेले: "सिस्टर, ते घरच्यांनी द्यायचं असतं." घरच्या सुनेला सांगितले की ती म्हणायची, "सिस्टर, आम्ही महिन्याचे पैसे एजन्सीला भरतो ना? मग ग्लोव्हज वेगळे कशाला?" दोघींच्या मध्ये मी, समोर मळलेला डायपर आणि पाठीला जखम असलेले आजोबा. अशा वेळी परिचारिका काय करते? पदरचे आणते किंवा नुसत्या हाताने करते. काही मुली तोच जोड धुऊन पुन्हा घालतात, जो कधीच करू नये असा प्रकार आहे. धुतल्याने रबराला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि आपण सुरक्षित आहोत असे उगाच वाटत राहते. एजन्सी घरच्यांशी जो करार करते त्यात कामाचे तास असतात, जेवण असते, सुट्या असतात. हातमोजे कुणाचे, मास्क कुणाचे, सुयांचा डबा कुणाचा, हे लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही.

हातमोजे घातले तर दुखावणारी घरेही आहेत. "आमच्या आईला काय रोग झालाय का, हात लावायला घाण वाटते का?" हे मी ऐकले आहे आणि त्यामागचे दुःखही मला कळते. अशा काकूंना मी सांगते की हे आईसाठीच आहे, मी सकाळी दुसऱ्या घरी एका जखमेला हात लावून आले आहे. बहुतेकांना पटते. मनगटावर बांगडी नाही म्हणून होणारी कुजबुजही अशीच समजावून थांबवावी लागते. बांगड्या-अंगठ्यांखालची जागा नीट धुतली जात नाही, इतकेच त्याचे कारण. हे घरोघरी समजावणे एकट्या परिचारिकेवर सोडू नये. आरोग्य केंद्राच्या शिक्क्याचा एक साधा कागद, मराठी आणि कोंकणीतला, भिंतीवर लावलेला असला तर वाद उरणार नाही.

कॅथेटरबद्दल थोडक्यात, कारण घरच्या रुग्णांना परत रुग्णालयात नेणाऱ्या गोष्टींत लघवीचा संसर्ग वरच्या नंबरावर असतो असे माझे निरीक्षण आहे. कॅथेटर आत राहील त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता 3 ते 7 टक्क्यांनी वाढते, असे मानले जाते. टाळायचे उपाय महाग नाहीत. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. पिशवी रिकामी करायचे भांडे वेगळे, आणि आधी-नंतर हात धुणे. रुग्णाला खुर्चीत बसवताना पिशवी मांडीवर ठेवलेली मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता दारातून आत शिरले की आधी तिथेच नजर जाते. मांडीवरून लघवी उलटी मूत्राशयात जाते. चवथीच्या दिवसांत, पाहुण्यांसमोर पिशवी दिसू नये म्हणून, ती चादरीखाली रुग्णाच्या पोटावर ठेवतात. घरच्यांचा हेतू रुग्णाची अब्रू राखण्याचा असतो, पण ताप आठवड्याभरात येतो. पिशवीला कापडी खोळ शिवून ती पलंगाच्या दांडीला टांगली की अब्रूही राहते.

या पत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग सुयांचा आहे.

घरी इन्सुलिन घेणारे किती आहेत याचा हिशेब कुणाकडे असेल असे वाटत नाही, पण प्रत्येक वाड्यावर ते आहेत. दिवसाला दोन, कुठे चार सुया. त्यात रक्त पातळ करण्याच्या इंजेक्शनच्या, सलाईनच्या आणि साखर तपासायच्या लॅन्सेटच्या सुया मिळवा. या जातात कुठे? दुधाच्या पिशवीत गुंडाळून कचऱ्यात. पंचायतीची गाडी सुका कचरा घेऊन जाते आणि मग शेडमध्ये बायका तो हाताने निवडतात. त्यांच्या हातात पातळ कापडी मोजे असतात, कधी तेही नसतात. ती दुधाची पिशवी उघडणाऱ्या बाईला ती सुई कुणाची, कधीची, काहीच माहीत नसते. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो.

नियम नाहीत असे नाही. रुग्णालयांसाठी 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम आहेत. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताळलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. युरिन बॅग, नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. घरातल्या सुया आणि दूषित पट्ट्या मात्र त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत 'घरगुती घातक कचरा' म्हणून गणल्या गेल्या. असा कचरा वेगळा ठेवून संकलन केंद्रावर द्यावा, अशी त्यात अपेक्षा होती. डिचोलीत किंवा साखळीत मी तो नेऊन कुठे द्यावा, हे मला आजवर कुणी सांगू शकलेले नाही. पंचायतीत विचारले तर आरोग्य केंद्राकडे बोट, औषधाच्या दुकानात विचारले तर पंचायतीकडे.

वास्तविक सगळे दुवे तयार आहेत. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जैववैद्यकीय कचऱ्याचा सामायिक प्रकल्प आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांचा स्वतःचा असा कचरा शास्त्रीय पद्धतीने उचलला जाणे बंधनकारकच आहे. त्या कचऱ्यात वाड्यावरचे दहा-वीस बंद डबे मिळवले तर भार किती वाढेल? घरी मी फरशी पुसायच्या द्रवाची रिकामी, जाड प्लास्टिकची, आट्यांच्या झाकणाची बाटली वापरते. वर ठळक अक्षरांत 'सुया, उघडू नका' असे लिहिते, पाऊण भरली की झाकण घट्ट करून टेपने बंद करते. सुई वापरल्यावर तिला टोपण पुन्हा लावायचे नाही, वाकवायची नाही, सरळ बाटलीत टाकायची. इथपर्यंत आमचे काम आम्ही करू. त्या बंद बाटलीला आरोग्य केंद्राच्या किंवा उपकेंद्राच्या दारात जागा मिळाली पाहिजे, तीही चौकशीचे प्रश्न न विचारता. आज अशा बंद बाटल्या माझ्या घराच्या माळ्यावर पडून आहेत, कारण त्या कचऱ्याच्या गाडीत टाकायला मन धजावत नाही.

आणि सुई टोचली तर? माझ्या ओळखीची एक मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, रात्री एका आजींना इन्सुलिन देऊन टोपण लावताना तिच्या बोटात सुई शिरली. तिने एजन्सीला फोन केला. सांगण्यात आले की डेटॉलने धू आणि घरच्यांना बोलू नकोस, ते घाबरतील. तिने बोट दाबून-दाबून रक्त काढले, डेटॉल ओतले आणि सकाळपर्यंत रडत बसली. खरे तर बोट दाबायचे नसते आणि जंतुनाशक ओतायचे नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि उठून रुग्णालय गाठायचे. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधे शक्यतो 2 तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, 28 दिवस घ्यावी लागतात. एचआयव्ही रुग्णाची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे कमी असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी ची लागण होण्याची शक्यता मात्र 6 ते 30 टक्के असते, आणि बोलले जाते ते नेमके याविषयी कमी. त्या मुलीने लस घेतलेली नव्हती. लस घे म्हणून तिला कुणी सांगितलेही नव्हते. पुढच्या तपासण्यांत तिला काही निघाले नाही. पण ते महिने तिने कसे काढले हे मी पाहिले आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीवर ते दिवस येऊ नयेत असे मनापासून वाटते.

एचआयव्ही-एड्स कायदा 2017 आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनांवर त्यांच्या कामगारांना संरक्षक साधने आणि सुई टोचल्यानंतरचे उपचार देण्याची जबाबदारी टाकतो. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, असे 2016 चे नियम सांगतात. 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. इतके असूनही घरी जाणारी परिचारिका कुणाचीच कर्मचारी नसल्यासारखी आहे. एजन्सी म्हणते आम्ही फक्त माणूस पुरवतो, कुटुंब म्हणते आम्ही एजन्सीला पैसे देतो. म्हणून माझी विनंती आहे की हिपॅटायटिस बी ची लस, 0, 1 आणि 6 महिन्यांच्या तीन मात्रा आणि नंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी, ही कुठल्याही मालकाचे पत्र न मागता प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. सुई टोचलेली मुलगी रात्री दोन वाजता आकस्मिक विभागात आली तर 'तू कुठल्या रुग्णालयाची' हा प्रश्न पहिला नसावा.

रुग्णालयांच्या डिस्चार्ज कार्डाबद्दलही एक गोष्ट. औषधे लिहिलेली असतात, पुढची तारीख असते. जखमेत किंवा लघवीत औषधांना दाद न देणारे जंतू सापडले होते का, हे बहुधा नसते. वॉर्डात त्याच रुग्णाच्या खाटेवर वेगळा गाऊन, वेगळा स्टेथो अशी काळजी घेतली गेलेली असते आणि घरी आल्यावर सगळे कोरे. रुग्णाच्या संमतीने ही एक ओळ कार्डावर लिहिली जावी. मी रुग्णाचा एचआयव्ही अहवाल मागत नाही. तो त्याचा खासगी विषय आहे आणि कायदाही तसेच म्हणतो. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच खबरदारी घेतली तर तो जाणून घ्यायची गरजही पडत नाही. क्षयाच्या रुग्णाचे मात्र आधी कळलेच पाहिजे, कारण त्यासाठी साधा मास्क पुरत नाही, एन-95 लागतो. पावसाळ्यात या घरांच्या खिडक्या ओल येते म्हणून चार-चार महिने बंद असतात, त्या उघडायला लावाव्या लागतात.

सरकारने खासगी कामात का पडावे, असे कुणी विचारील. तो कचरा निवडणारी बाई पंचायतीची आहे. संसर्ग वाढलेला रुग्ण शेवटी सरकारी रुग्णालयाच्याच खाटेवर येतो, अधिक महाग प्रतिजैविके घेऊन. शिवाय आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत वृद्धांची आणि वेदनाशमनाची काळजी आधीच धरलेली आहे. घरच्या रुग्णसेवेला आरोग्य केंद्राशी जोडणे म्हणजे नवे खाते उघडणे नव्हे.

एजन्सींकडून आपण एवढेच लेखी घ्यावे: करारात हातमोजे, मास्क, हँडरब आणि सुयांचा डबा कुणी पुरवायचा ते नाव घालून लिहिलेले असेल, आणि लस व प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणालाही घरी पाठवले जाणार नाही. प्रशिक्षण दोन दिवसांचे पुरे. हात धुणे, पिशवीची पद्धत, कॅथेटर, सुई आणि सांडलेले रक्त. शेवटच्यासाठी 1 टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचे द्रावण, रोज ताजे केलेले. आणि ब्लीच कधीही संडास धुवायच्या ॲसिडमध्ये मिसळायचे नाही, त्यातून विषारी वायू निघतो, हे बंद न्हाणीघरात काम करणाऱ्या मुलींना बजावून सांगायला हवे. शिकवणे मराठी आणि कोंकणीत असावे, पण कन्नड आणि हिंदीतही असावे, नाहीतर ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच बाहेर राहतील.

डिचोली तालुक्यापासून सुरुवात करायची ठरवलीत तर शिकवायला मी येईन, माझ्या दोन-तीन सोबतिणीही येतील, मानधन नको. वेळ दुपारी बारा ते चारच्या दरम्यान ठेवावी. सकाळी आंघोळी आणि ड्रेसिंग असतात, संध्याकाळी इन्सुलिन, आणि त्या वेळी रुग्णाला सोडून कुणालाच येता येणार नाही.

आपली विश्वासू,
घरोघरी शुश्रूषा करणारी एक परिचारिका,
डिचोली, गोवा